दोघींचं मिळून एक तिकीट

सोमवार, ३ मार्च

तिकिटाच्या खिडकीवर अपमान! या शहरात पाऊल टाकून अर्धा तास झाला नव्हता.

मी विचारलं काय? एवढंच, की आम्ही दोघी आठवडाभर राहणार, दवाखान्याच्या दोन-तीन खेपा आहेत, उरल्या वेळात थोडं शहर बघायचं, तर कोणतं तिकीट घ्यावं. काचेमागच्या बाईनं स्वतःची नखं न्याहाळत एक पत्रक पुढं सरकवलं. "यात सगळं आहे." यात सगळं आहे! उभा जन्म मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला, शेवटची वर्षं सुपरवायझर म्हणून. माझ्या हाताखालच्या एखाद्या मुलीनं गिऱ्हाइकाला "डिरेक्टरीत सगळं आहे" असं सांगितलं असतं, तर तिचा हेडफोन मी तिथल्या तिथं काढून घेतला असता.

पत्रक उलगडलं तर दोन हातांत मावेना. एकेरी तिकीट, दिवसाचं, तीन दिवसांचं, आठवड्याचं, महिन्याचं. भाड्यासाठी शहराची वर्तुळंही तीन: आतलं, मधलं, बाहेरचं. सकाळी नऊनंतर निघणाऱ्यांना स्वस्त, नऊच्या आधी महाग — लवकर उठणाऱ्याला दंड, असला न्याय! साठीच्या वरच्यांना सवलत, पण फक्त इथल्या रहिवाशांना. म्हणजे बाहेरगावची म्हातारी ही म्हातारीच नव्हे.

वन्सं बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "वहिनी, घ्या ना कुठलंही." कुठलंही! कुठलंही घेणाऱ्यांच्या जिवावरच यांच्या ट्रामी चालतात.

शेवटी सापडलंच. पत्रकाच्या मागच्या बाजूला, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. जोडतिकीट. माणसं दोन, तिकीट एक, रविवारपर्यंत, आतलं आणि मधलं वर्तुळ, ट्राम बस मेट्रो सगळं. दोन वेगळ्या तिकिटांपेक्षा पुष्कळच स्वस्त. अट एकच — दोघांनी सोबत प्रवास करायचा. ही काय अट झाली? माझ्या लग्नापासून आम्ही एका छपराखाली आहोत. हे गेल्यापासून तर घरात नणंद-भावजय दोघीच.

नखंवाली म्हणाली, "बघा हं, एकटीला कुठं जायचं असेल तर..."

मी म्हटलं, "ह्या एकट्या कुठं जाणार?"

तिकीट माझ्या पर्समध्ये. चेनच्या कप्प्यात.

मंगळवार, ४ मार्च

गेस्टहाऊसची खोली बरी. दोन पलंग, एक बेसिन. चावीला लाकडाचा एवढा मोठा ठोकळा अडकवलाय की ती चोरण्यापेक्षा बेसिन चोरणं सोपं.

कानाचा दवाखाना झाला. डॉक्टर कोवळा आहे, दाढीसुद्धा धड आलेली नाही. प्रश्न माझ्याबद्दलचे आणि विचारतो वन्संना! "ह्यांना कधीपासून त्रास होतोय?" मी स्वतःकडे बोट दाखवून म्हटलं, "ह्या इथंच बसल्यात. ह्यांना विचारा." मग काचेच्या पेटीत बसवलं आणि कानांवर हेडफोन चढवला. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मला हेडफोन! दाबलं. जिथं ऐकू आली तिथं दाबलं, जिथं यायला हवी असं वाटलं तिथंही दाबलं. पोरानं खाली बघत काहीतरी लिहिलं. निकाल गुरुवारी.

येताना ट्राममध्ये तमाशा. तपासनीस चढला आणि त्यानं एका चांगल्या कोटातल्या गृहस्थाला पकडलं. गृहस्थ म्हणे, "माझं तिकीट बायकोकडे आहे. ती पुढं उतरली." मी मोठ्यानं म्हटलं, "पकडले गेलेल्यांची तिकिटं नेहमी दुसऱ्याकडेच असतात." दोघं-तिघं हसले. वन्संनी माझ्या दंडाला चिमटा काढला. मी चेन उघडून आमचं तिकीट तपासनिसाच्या नाकासमोर धरलं. त्यानं मागितलं नव्हतं तरी.

एक सांगायचं राहिलं. चालताना, बसताना, वन्संना सारखं माझ्या उजवीकडेच यायचं असतं. फुटपाथवर मला ओलांडून येतात. ट्राममध्ये बसलेली मी सरकायचं, का, तर ह्यांना उजवी बाजू हवी. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी असं रांगेत ढकलाढकल करणाऱ्या मुलीला फळ्याकडे तोंड करून उभं केलं असतं.

बुधवार, ५ मार्च

गोगलगाय नि पोटात पाय!

सकाळी चहाला वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आज सात नंबरची ट्राम घेऊ या?" मला वाटलं, बाग बघायची असेल. उतरलो ते एका नाटकगृहाच्या मागच्या दाराशी. आत लांबलचक खोली. खुंट्यांवर झगे, अंगरखे, सैनिकांचे डगले, प्रत्येकाला चिंधीवर नटाचा आकडा शिवलेला. काखेत सगळ्यांना ठिगळं — राजा असो की भालदार, घाम सारखाच येतो. वाफेच्या इस्त्रीचा वास. बटणांच्या बरण्या.

आणि तिथं ती. वन्संची शाळेतली मैत्रीण. आखूड केस, तोंडात दोन टाचण्या, तशीच बोलते. मी मनात तिचं नाव कात्री ठेवलं. "या या वहिनी! तुमच्याबद्दल फार ऐकलंय." काय ऐकलंय ते नाही सांगितलं.

वन्संनी पिशवी बाजूला ठेवली, चष्मा बदलला आणि एका डगल्याची काजं करायला बसल्या. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. जणू काल उठून गेल्या होत्या आणि आज परत येऊन बसल्या.

परतताना ट्राममध्ये म्हणाल्या, "वहिनी, मी इथं राहावं म्हणते."

"किती दिवस?"

"दिवस नाही. राहावंच म्हणते. तिला कपडेखोलीत हात हवाय. तिच्या घरात एक खोली रिकामी आहे."

मी म्हटलं, "या वयात नोकरी? लोक म्हणतील भावजयीनं घराबाहेर काढलं."

"लोकांना काय, तुम्ही जेवायला वाढलं तरी लोक म्हणतील पाणी घालून वाढलं."

ही माझ्याच तोंडची म्हण! माझंच हत्यार माझ्यावर! इतकी वर्षं "हो वहिनी", "बरं वहिनी" करणारं तोंड हे. आणि मी म्हणे तिला सोबत आणली शहर दाखवायला. तिनंच मला आणलं होतं की! "कान इथंच दाखवा, इथले डॉक्टर चांगले" हे कुणाच्या तोंडून आलं होतं? आता आठवतंय.

गुरुवार, ६ मार्च

बोलणं बंद. तरी सकाळी सोबत निघालो. तिकीट एकच आहे ना! ट्राममध्ये अंगाला अंग लावून बसलो, ती खिडकीबाहेर बघतेय, मी समोरच्याच्या टोपीकडे. आणि एवढ्या भांडणातही बाई उजवीकडेच येऊन बसली.

दवाखान्यात मी तिला बाहेर बसवलं. पोरगं डॉक्टर म्हणालं, डावा कान बराच गेलाय, उजवाही त्याच वाटेवर आहे. यंत्र लावलं तर दोन्हींना आधार मिळेल, डाव्याला आजच लावायला हवं. मग कागदावर माझ्या ऐकण्याचा एक डोंगरउतार काढून दाखवला. मी तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला. "यंत्र-बिंत्र नको," म्हटलं. "म्हाताऱ्या लावतात ते." पोरगं माझ्या वयाच्या रकान्याकडे बघून गप्प बसलं. तेवढं शहाणपण आहे त्याला.

बाहेर आल्यावर वन्संनी विचारलं, "काय म्हणाले?"

इथं थांबून लिहिते, कारण इथंच खरी गोम आहे. एक वाक्य पुरेसं होतं. "वन्सं, मी बहिरी होणार." बस्स. वन्सं हललीही नसती. आयुष्यभर हलली नसती. कात्रीची खोली रिकामीच राहिली असती, आणि मी काही खोटं बोलले नसते. खरं बोलून माणसाला बांधता येतं हे सिस्टर लोकांनी कधी शिकवलं नाही. त्यांनी फक्त खोट्याचं पाप सांगितलं.

वाक्य जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "मळ आहे. थेंब घालायचे."

का म्हटलं? चांगुलपणा नव्हे. राहावंसं वाटलं म्हणून नाही, माझी कीव आली म्हणून राहिली, असं कुणी माझ्या घरात राहायला नको. एवढाच ताठा. पण उद्याही हा ताठा टिकेल याची खात्री नाही. घरी जाऊन एकटीनं कुलूप उघडायचं, हे सारखं डोळ्यांसमोर येतं.

शुक्रवार, ७ मार्च

आज मी हात दाखवून अवलक्षण केलं.

कात्रीच्या घरी ती खोली बघायला जायचं होतं. मला बघायची नव्हती. पण मी गेले नाही तर वन्सं जाणार कशा? तिकीट एक! गेले. चौथा मजला. छोटी, उजेडाची खोली. खिडकीशी शिवणयंत्र आधीच मांडून ठेवलेलं. पलंगावर नवी चादर. म्हणजे सगळं ठरलंय, आणि मला फक्त पाहुणीसारखं फिरवून आणताहेत!

"ओल आहे," मी म्हटलं.

"कुठं?" कात्री.

"येईल."

"जिने फार आहेत," मी म्हटलं.

वन्सं म्हणाल्या, "जिने मोजतच वर आलात वाटतं."

खाली ट्रामच्या थांब्यावर माझा तोल गेला. काय काय बोलले! म्हटलं, तुम्हाला साधं तिकीट कुठलं घ्यावं कळत नाही, कुठली ट्राम कुठं जाते कळत नाही, दुधाच्या पिशवीला भोक पाडायचं तर मला हाक मारता, आणि निघालात शहरात राहायला! नाकापेक्षा मोती जड! भावानं सांभाळलं, भावाच्या मागं मी सांभाळलं, आणि आता पंख फुटले!

वन्सं काहीतरी बोलल्या. नेमक्या डावीकडे होत्या तेव्हा. मला ऐकू आलं नाही. मला वाटलं, त्या पुटपुटून शिव्या देताहेत. ट्राम आली. मी चढले. दारं मिटली. त्या थांब्यावर राहिल्या. तिकीट माझ्या पर्समध्ये.

पहिल्या वळणापर्यंत मला बरं वाटत होतं. कळू दे! दुसऱ्या वळणाला आठवलं — त्यांच्या पिशवीत एक सुईदोरा, एक रुमाल आणि डोकेदुखीची गोळी एवढंच असतं. पैसे माझ्याकडे. किल्ली माझ्याकडे. पत्ता माझ्याकडे. पुढच्या थांब्यावर उतरले, उलटी ट्राम धरली, परत गेले. थांबा रिकामा. कात्रीच्या दारावर थाप मारायला चौथा मजला चढले, दार बंद, कात्री नाटकगृहात गेलेली. नाटकगृहात गेले, तिथंही नाहीत. कात्री टाचण्या काढून म्हणाली, "घाबरू नका, येईल ती." घाबरलेय कोण? आवाज चढवून म्हटलं. कपडेखोलीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या.

गेस्टहाऊसवर परतले. खिडकीशी उभी राहिले. बसवेना. बेसिन पुसलं. पत्रक काढून बघितलं — जोडतिकिटाशिवाय सोबतीण सापडली तर काय करतात. दंड. आणि त्या काय म्हणणार तपासनिसाला? "तिकीट वहिनीकडे आहे." आणि डब्यात माझ्यासारखीच कुणी तोंडाळ बाई बसलेली असणार.

संध्याकाळी दार उघडलं. वन्सं. हातात पावाची लादी, दुसऱ्या हातात तिकीट. एकेरी, आतलं आणि मधलं वर्तुळ. बरोबर तेच!

"पैसे कुठून आणलेत?"

"माझ्याकडे असतात."

"तिकीट कुणी काढून दिलं?"

"मशीननं. तीन बटणं आहेत, वहिनी."

"मग इतके दिवस मला का..."

पाव कापता कापता म्हणाल्या, "तिकीट तुमच्याकडे असलं की तुम्हाला बरं वाटतं. म्हणून."

मी पलंगावर बसले. बाई पावाला लोणी लावत होती. जणू काही बोललीच नाही.

मग त्याच पुढं बोलल्या. "आणि मळ नाहीये."

"काय?"

"कानात. मळ नाहीये. चार वर्षं तुमच्या उजव्या बाजूला चालतेय मी. दारावर कोण आलं, मी सांगते. शेजारीण काय म्हणाली, मी पुन्हा म्हणून दाखवते. कुकरच्या शिट्ट्या मी मोजते. मी असेपर्यंत तुम्ही काही ते यंत्र लावणार नाही, वहिनी. तुम्हाला गरजच पडू दिली नाही मी. चूक माझीच."

"म्हणून निघालात? माझ्या भल्यासाठी? उपकार!"

"नाही," वन्सं म्हणाल्या. "निघाले मी माझ्यासाठी. मला काजं करायला आवडतात आणि आपल्या घरात आता कुणाचे शर्ट उरले नाहीत. पण तुम्ही बहिऱ्या राहिलात तर माझं मन तिथं लागायचं नाही. म्हणून आधी कान, मग खोली. म्हणून इथं आणलं तुम्हाला."

मी म्हटलं, "लोणी फार लावलंत."

"थांब्यावर काय म्हणत होतात?" मी नंतर विचारलं. "ट्राम आली तेव्हा. शिव्या ना?"

"म्हणत होते, वहिनी, ही ट्राम उलट्या दिशेची आहे."

शनिवार, ८ मार्च

पहिल्यांदाच एकटी बाहेर पडले. जोडतिकीट जिच्या हातात तिला एकटीलाही जाता येतं, हे पत्रकात कुठंही धड लिहिलेलं नाही. मी ट्रामच्या चालकाला विचारून घेतलं. वन्संना म्हटलं, चप्पल बघायला जातेय. त्या म्हणाल्या, "बरं वहिनी." पुन्हा तेच बरं वहिनी! आता मला ते ऐकून धडकी भरते.

दवाखान्यातलं ते पोरगं हसलं नाही, हे त्याचं नशीब. डाव्या कानात यंत्र बसवलं, वाटाण्याएवढं. कळ फिरवली. आणि देवा! माझ्या पर्सची चेन एवढी करकरते? लोक एवढ्या मोठ्यानं चालतात? ट्रामला रुळांवर वळताना रडायला येतं हे कुणी मला सांगितलं का नाही? मला तर वाटलं होतं, हे शहर फार शांत आहे, पैसे खर्च करून शांतता ठेवली असेल.

खोलीच्या दाराशी आले आणि थबकले. आत कुणीतरी गुणगुणत होतं. वन्सं. बॅग भरता भरता. आमच्या घरी शिवणयंत्रावर बसल्या की गुणगुणायच्या तेच, शेवट कधीच न येणारं.

मला वाटलं होतं, हे गेले आणि वन्संनी गुणगुणणं सोडलं. भावाचं दुःख. मीही मग घरात रेडिओ लावला नाही, त्यांच्या शोकाचा मान म्हणून! चार वर्षं दोघी मुक्यानं जेवलो. आणि ती बाई रोज गुणगुणत होती. मलाच ऐकू येत नव्हतं.

लगेच आत गेले नाही. जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. गेस्टहाऊसवाली कपड्यांची टोपली घेऊन वर आली, म्हणाली, "किल्ली हरवली का?" मी म्हटलं, "नाही. ऐकतेय."

आत गेले तेव्हा वन्संनी माझ्या डाव्या कानाकडे एकदाच बघितलं. "चप्पल छान आहे," म्हणाल्या.

रविवार, ९ मार्च

माझी गाडी दुपारची. वन्सं राहताहेत. कात्रीचा निरोप आला, दुपारच्या प्रयोगाच्या राणीचा झगा पाठीत उसवलाय, ताबडतोब ये. पहिल्याच दिवशी राणी! मी म्हटलं, जा. स्टेशनवर यायचं नाही. मला निरोप जमत नाहीत, आणि तुम्हाला रडू आलं की नाक लाल होतं.

त्या म्हणाल्या, "बटाट्यांच्या टोपलीखाली बघा, जास्तीची किल्ली आहे. आणि रेडिओ लावा."

मी म्हटलं, "मला शिकवू नका."

आता इथल्या रहिवासी म्हणजे ह्यांना साठीची सवलत मिळणार. मला नाही! बघा न्याय.

जोडतिकीट आज रात्री संपतं. वन्संना आज दोन-तीन खेपा पडतील, सामानही न्यायचंय. त्यांनाच देणार आहे. थांब्यावर, चेनच्या कप्प्यातून काढून, त्यांच्या हातात. बघू किती जड जातंय.

रविवारच, गाडीतून

दिलं. त्यांची ट्राम आधी आली. दारातून हात बाहेर काढून तिकीट दाखवलं त्यांनी, लहान मुलीसारखं. मग माझी आली. मी चढले, बॅग पायाशी घेतली, उजवीकडची जागा सवयीनं मोकळी ठेवून बसले.

"तिकीट?" — डावीकडून. स्पष्ट ऐकू आलं.

पर्स उघडली. चेन उघडली. आत कानाचा तो डोंगरउतार, आणि काही नाही.

सगळा डबा बघत होता. मी म्हटलं, "माझं तिकीट माझ्या नणंदेकडे आहे."

पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. तेही ऐकू आलं.

तपासनीस दमलेला होता. "कुठं आहेत त्या?"

"त्या इथंच राहतात," मी म्हटलं, आणि दंडासाठी पाकीट काढलं.